सेवेत की नोकरीत? कॉलेजची इंटर्नशिप आणि देवाचे पाचारण

अभ्यासपाठ
वाचनासाठी शास्त्रभाग : निर्गम ३५:३०-३५, १ शमुवेल ३:१-१८, १ राजे १९:१९-२१, प्रेषितांची कृत्ये १५:३६-४०



आपल्या मंडळ्यांमध्ये उपासना सुटल्यावर अंगणात बोलणे निघते, तेव्हा एखाद्या घरातल्या मुलांची चौकशी होते आणि उत्तर ठरलेले असते. "मोठा सेवेत आहे, धाकटा नोकरीत." सेवेत म्हणजे बायबल स्कूलला गेलेला, पाळक किंवा सुवार्तिक झालेला. नोकरीत म्हणजे बाकी सगळे. नर्स असो, शिक्षक असो, एस.टी.चा वाहक असो, तो नोकरीत. मोठ्यासाठी मंडळी उभी राहून प्रार्थना करते. धाकट्यासाठी आई एकटीच करते.

गंमत अशी की सरकार मात्र प्रत्येक नोकरीला सेवाच म्हणते. तलाठ्याच्या नोंदी 'सेवापुस्तका'त होतात आणि शिपाईसुद्धा 'सेवानिवृत्त' होतो. शब्द सरकारने जपला आहे, अर्थ आपण जपायचा होता.

हा शब्दांचा वाद वाटेल, पण त्याची किंमत आपल्या पाड्यांवरची मुले मोजत आहेत. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव, सुरगाणा, पेठ या तालुक्यांत घरातला पहिला पदवीधर आता कुठे तयार होतो आहे. तो मुलगा किंवा ती मुलगी विश्वासात खरी असेल तर मंडळीला तिच्यासाठी एकच वाट सुचते, बायबल स्कूल. ती वाट तिची नसेल तर पुढे काय, हे सांगणारे कोणी नसते. आईबाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर. घरात कोणी कधी कार्यालयात बसलेले नाही, कोणी पगाराची स्लिप पाहिलेली नाही. मग ती नाशिक-पुण्याला किंवा सुरतेला जाते, मिळेल ते काम धरते, आणि विश्वास रविवारपुरता उरतो. काही वेळा रविवारही उरत नाही.

म्हणून या अंकात पाचारणाचा विचार कॉलेजच्या इंटर्नशिपच्या बाजूने करू.

विटा पाडणाऱ्यांचा मुलगा

निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात मोशे लोकांसमोर एका माणसाचे नाव घेतो, बसालेल. यहूदा वंशातील ऊरीचा मुलगा, हूराचा नातू. देवाने त्याला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले आहे असे मोशे सांगतो. देवाच्या आत्म्याने 'परिपूर्ण केले' असे पवित्र शास्त्रात ज्याच्याविषयी पहिल्यांदा लिहिले आहे तो याजक नाही, संदेष्टाही नाही. तो कारागीर आहे. सोने, रुपे, पितळ यांचे काम, रत्नांना पैलू पाडणे, लाकडावर कोरीव काम, हे त्याचे क्षेत्र. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात हेच देव स्वतः मोशेला सांगतो.

हे लोक कुठून आले होते तेही ध्यानात घ्या. काही काळापूर्वीपर्यंत ते फारोसाठी विटा पाडत होते. पेंढा मिळाला नाही तरी विटांची संख्या तीच भरली पाहिजे, असा मुकादमाचा हुकूम होता. वीटभट्टी म्हणजे काय हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. उचल घेतलेली, हजारी विटांचा हिशेब, पावसाआधी काम उरकण्याची घाई. त्या भट्टीवरच्या पिढीतून देवाने आपल्या निवासमंडपाचा कारागीर उभा केला. ज्या हातांची मोजणी विटांवर झाली, त्यांच्या हाती त्याने परमपवित्र स्थानाचे काम दिले. आदिवासी तरुणांच्या मेळाव्यात मी हा भाग घेतो तेव्हा मला फार स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. ते आधीच समजलेले असते.

आता चौतिसावे वचन पाहा. आपण ते सहसा ओलांडून जातो. देवाने बसालेलाला आणि दान वंशातील अहलियाबाला दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली, असे तिथे लिहिले आहे. हातातले कौशल्य हे दान आणि ते दुसऱ्याच्या हातात उतरवण्याची तयारी हेही दान, एकाच आत्म्याकडून. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर निवासमंडपाच्या कामावर इंटर्न होते आणि त्यांचे मार्गदर्शकही होते.

कागदावरची आणि खरी इंटर्नशिप

पूर्वी इंटर्नशिप म्हटले की डॉक्टरकीचे शेवटचे वर्ष आठवायचे. आता तसे राहिलेले नाही. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आणि शाळेतला छात्रसेवाकाल लांबला. कृषी पदवीची मुले-मुली 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणून गावात राहतात. डी.फार्म.वाल्यांना औषध दुकानात किंवा रुग्णालयात पाचशे तास काढावे लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू होऊ लागल्यापासून साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांनाही 'ऑन जॉब ट्रेनिंग', 'फील्ड प्रोजेक्ट' आणि समाजसहभागाचे क्रेडिट मिळवावे लागतात. एका क्रेडिटला साधारण तीस तास धरतात, चार क्रेडिट म्हणजे एकशे वीस तास.

त्यामुळे आपल्यासारख्या संस्थांकडे आता बरेच फोन येतात. त्यातले काही असे असतात : "सर, मुलगा येऊ शकणार नाही, तेवढा सही-शिक्का द्या." फोन करणारे कधी विश्वासी पालक असतात, कधी मंडळीतले वडील. आम्ही देत नाही. हा कडकपणा वाटतो, पण एकशे वीस तासांचे खोटे प्रमाणपत्र घेऊन जो मुलगा कामाच्या जगात पहिले पाऊल टाकतो, त्याला पुढे हजेरीपटावर खोटी सही करताना काय अडचण वाटणार? मिशनच्या शिक्क्याने हे शिकवायचे असेल तर शिक्का नसलेला बरा.

खरी इंटर्नशिप कशी असते याचे उदाहरण आपल्याच मिशनच्या इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ड मुंबईत नागपाड्याच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत 'नेबरहूड हाउस' चालवत. त्यांच्याच पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले आणि ते पहिले संचालक झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था, आपण ज्याला 'टिस' म्हणतो, ती हीच. समाजकार्याचे पदवीशिक्षण भारतात इथून सुरू झाले आणि त्यात वर्गाइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला मिळाले. आजही एम.एस.डब्ल्यू.चा विद्यार्थी आठवड्यातले काही दिवस वस्तीत, रुग्णालयात किंवा संस्थेत काम करतो, रोजचा अहवाल लिहितो आणि आठवड्यातून एकदा पर्यवेक्षकासमोर एकटा बसतो. त्या बैठकीला आमच्या भाषेत 'आय.सी.' म्हणतात, इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. ज्यांनी एम.एस.डब्ल्यू. केले आहे त्यांना विचारा, घाम क्षेत्रकार्यात कमी आणि आय.सी.त जास्त फुटतो. कारण तिथे "काय केलेस" यावर भागत नाही, "का केलेस" आणि "करताना तुझे काय झाले" हे विचारतात.

माझा मुद्दा याच जागेवर येतो. इंटर्नशिप मुलाला काम दाखवते. त्या कामात देवाची हाक आहे का, हे ओळखायला मात्र त्याच्यासोबत बसणारा कोणीतरी लागतो. आपल्याकडे कमतरता इंटर्नची नाही, सोबत बसणाऱ्यांची आहे.

एलीने काय केले

शमुवेलाची गोष्ट संडे स्कूलपासून आपल्याला पाठ आहे, म्हणूनच ती नीट वाचली जात नाही. तिसऱ्या अध्यायाचे सातवे वचन म्हणते की शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. तो मुलगा राहत होता मंदिरात, झोपत होता कोशाजवळ, सकाळी दारे उघडत होता. पवित्र ठिकाणी काम करूनही त्याने हाक ओळखली नाही. मिशनच्या आवारात एक महिना राहिल्याने पाचारण आपोआप कळते, अशी आशा ठेवणाऱ्या पालकांनी आणि संस्थाचालकांनीही हे वचन अधोरेखित करावे.

हाक आली की तो धावत एलीकडे जातो, तीनदा. त्याच्या दृष्टीने हाक मारणारा एलीच असणार, दुसरे कोण? विद्यार्थ्यांचेही असेच होते. त्यांना हाक ऐकू येते तेव्हा ती आवडत्या सरांच्या, ताईंच्या आवाजात ऐकू येते. या क्षणी मार्गदर्शकाला मोठा मोह होतो. काम वाढले आहे, माणसे टिकत नाहीत, पगार थोडा आहे आणि समोर हुशार, मेहनती, प्रार्थनाशील मुलगी बसली आहे. "बाळ, देवाने तुला इथेच बोलावले आहे" असे म्हणणे किती सोपे! एली तसे म्हणाला नाही. मी हाक मारली नाही, परत जा, असे त्याने दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा त्याच्या ध्यानात आले की मुलाला देव हाक मारतो आहे, आणि तेव्हा त्याने त्याला उत्तर कसे द्यायचे तेवढे शिकवले. हाक काय आहे हे त्याने सांगितले नाही, कारण ती त्याला ऐकूच आली नव्हती.

एलीची नजर मंदावली होती, मुले हाताबाहेर गेली होती, आणि शमुवेलाने ऐकलेला पहिला संदेश एलीच्याच घराविरुद्ध होता. तरी सकाळी त्याने मुलाला सगळे बोलायला लावले आणि ऐकून घेतले. विद्यार्थ्याच्या अहवालात आपल्या संस्थेवर टीका असेल तर ती आपण ऐकतो का? की गुण आपल्या हातात आहेत म्हणून मूल आपल्याला हवे तेच लिहिते? मार्गदर्शक व्हायला निष्कलंक कारकीर्द लागत नाही. ऐकायची तयारी मात्र लागते.

हातावर पाणी घालणारा

अलीशाची ओळख दुसऱ्या राजांच्या तिसऱ्या अध्यायात कशी करून दिली आहे पाहा. राजे विचारतात, इथे कोणी संदेष्टा आहे का? तेव्हा एक सेवक सांगतो की एलीयाच्या हातावर पाणी घालणारा अलीशा इथे आहे. ना चमत्कार, ना प्रवचन. पाणी घालत असे, एवढाच दाखला, आणि तो पुरला.

शहरातून आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच जड जाते. त्यांना प्रकल्प हवा असतो, सादरीकरण हवे असते. आम्ही त्यांना रजिस्टर धरायला देतो, अंगणवाडीत बाळाचे वजन लिहायला देतो, पाड्यावर कोणाचे घर कुठे आहे ते पायी फिरून पाहायला सांगतो. पहिला आठवडा फोटो काढायचे नाहीत, हा आमचा नियम आहे. एकाने विचारले, "मग मी आलो हे कॉलेजला कसे कळणार?" त्याला सांगितले, पाड्यावर कळले की पुरे, कॉलेजचे नंतर बघू.

अलीशाच्या पाचारणातली दुसरी गोष्ट आदिवासी मुलांसाठी महत्त्वाची आहे. एलीयाने त्याच्यावर झगा टाकला तेव्हा तो बारा जोड्या बैलांसह शेत नांगरत होता. आईबापांचा निरोप घेऊन येतो म्हणाला, आणि एलीयाने त्याला जाऊ दिले. त्याने बैलांची जोडी कापून लोकांना जेवू घातले आणि मग निघाला. देवाची हाक आली म्हणून घर एका रात्रीत पुसले गेले नाही. आपल्याकडे बारा जोड्या नसतात, कधी एकही नसते. वसतिगृहातल्या मुलीचा बाप म्हणतो, "नोकरी लागली तर घर उभे राहील." हा बाप अविश्वासू नाही. त्याच्या डोक्यावर उचल आहे आणि धाकट्या दोघांची फी आहे. पाचारणाविषयी बोलताना जो मार्गदर्शक हे घर विसरतो, तो मुलीला देव आणि बाप यांच्यात निवड करायला लावतो, आणि देवाने ती मागितलेलीच नसते.

यावरून पैशाचे. सुट्टीत मुले मजुरीला जातात आणि त्यातून वर्षाची वह्या-पुस्तके, कपडे निघतात. बिनपगारी इंटर्नशिप घ्यायची तर ती मजुरी बुडते. सधन घरचा मुलगा ते सोसू शकतो. म्हणून निदान एस.टी.चे भाडे आणि दोन वेळचे जेवण तरी द्यायला हवे आणि जमल्यास विद्यावेतन. देणगीदारांनी याकडे लक्ष द्यावे. एका विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च बहुधा एका मेळाव्याच्या मांडवापेक्षा कमी असतो.

हिशेबवही आणि रक्ततपासणी

विश्वास आणि काम जोडायचे म्हणजे प्रत्यक्षात काय, यावर दोन प्रसंग सांगतो.

वसतिगृहातला एक बी.कॉम.चा मुलगा महिला बचत गटांचे हिशेब लिहायला येत असे. एका गटाच्या वहीत तीनशे चाळीस रुपयांचा फरक येत होता. त्याने तो 'किरकोळ खर्च' म्हणून टाकून ताळा जुळवला आणि मोकळा झाला. बँकेतून निवृत्त झालेले मंडळीतले एक काका त्याचे मार्गदर्शक. त्यांनी वही पाहिली आणि त्याला म्हणाले, "बस. सापडेपर्यंत चहा माझा." दोघे दुपारभर पावत्या लावत बसले. एका बाईची परतफेड दोनदा लिहिली गेली होती. काकांनी तेव्हा नीतिसूत्रे ११:१ काढून दाखवले, खोट्या तराजूचा देवाला वीट येतो तो भाग. मग म्हणाले, "ही बाई वाचू शकत नाही. तिच्या वतीने वाचणारा तूच." त्या मुलाने बायबल स्कूलचा अर्ज केला नाही. तो आज सहकारी पतसंस्थेत आहे, आणि गटातल्या बायका हिशेब दाखवायला अजून त्याच्याकडे जातात.

दुसरा प्रसंग सिकलसेलचा. आपल्या आदिवासी पट्ट्यात हा आजार किती घरांत आहे ते तुम्ही जाणता. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि तपासणी वाढली. आधी सोल्युबिलिटी चाचणी, ती सकारात्मक आली तर पुढची निश्चित करणारी तपासणी, असा क्रम. पॅथॉलॉजी लॅबचे शिक्षण घेणारा एक विद्यार्थी शिबिरात मदतीला होता, हात स्वच्छ, काम चोख. एका बाईचा अहवाल हाती आल्यावर त्याने रांगेतच, सगळ्यांसमोर, मराठीत सांगून टाकले, "तुम्हाला सिकलसेल आहे." ती फक्त वाहक होती, रुग्ण नव्हे. रांगेत कुजबुज सुरू झाली. तिची सासूही तिथेच उभी होती.

तिथल्या सिस्टरने त्याला ओरडले नाही. तिने त्या बाईला आत नेले, खाली बसवले, तिच्या बोलीत समजावले. वाहक म्हणजे आजारी नव्हे. नवराही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून त्याचीही तपासणी करून घेऊ. सासूलाही नंतर तेच सांगितले, त्या बाईला विचारून. मुलाला तिने हे सगळे शेजारी बसून ऐकायला लावले. संध्याकाळी त्याला म्हणाली, "रिपोर्ट कागदावर असतो, पण तो माणसाला सांगायचा असतो. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे हे तू रविवारी ऐकतोस ना? ते इथे लागू करायचे." मला वाटते, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर त्या मुलाने ऐकलेले हे सर्वांत उपयोगी प्रवचन असेल, आणि त्याला पाच मिनिटेही लागली नाहीत.

पाड्यावरच्या गुरू

मार्गदर्शक म्हणजे शिकलेलाच माणूस, हा समज जामखेडने केव्हाच खोटा ठरवला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांना दिसले की टाळता येण्यासारख्या आजारांचेच रुग्ण पुन्हा पुन्हा येत आहेत. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून परतल्यावर १९७० मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित, त्यांनी ग्राम आरोग्य सेविका म्हणून घडवले. या बायका ठरावीक दिवशी जामखेडला येत, शिकत, गावी जाऊन करून पाहत, पुन्हा येऊन काय झाले ते सांगत. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. नंतर देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले, तेव्हा शिकवणाऱ्यांत याच सेविका होत्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्या पाड्यावरही अशा गुरू आहेत. आशाताई, दाई, वनहक्क समितीतले आजोबा ज्यांना कोणत्या नाल्यापासून कोणत्या टेकडीपर्यंत गावाची वापराची हद्द आहे हे नकाशाशिवाय माहीत असते. २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेने दावा करताना वडीलधाऱ्यांचे निवेदनही पुरावा म्हणून चालते. कायदा शिकणारी शहरी मुलगी दाव्याचे कागद नीट लावू शकते, पण निवेदन आजोबांचेच. ती त्यांच्यापाशी बसून लिहून घेते तेव्हा कोण कोणाचा इंटर्न?

काही खबरदाऱ्या

एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. इंटर्नशिप ही धर्मप्रसाराची आडवाट नाही. क्षयरोग्याच्या घरी मुलगा औषधे नियमित चालू आहेत का हे पाहायला जातो, निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे हजार रुपये खात्यात येतात का हे तपासायला जातो. त्या भेटीच्या आडून दुसरे काही करायचे नाही. मदतीला अट लावणे हे कायद्यात तर बसत नाहीच, प्रभूच्या रीतीतही बसत नाही. त्याने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले, परत आला एकच, आणि उरलेल्या नवांचे बरेपण त्याने काढून घेतले नाही. कोणी आपणहून विचारले, "तुम्ही हे का करता?" तर खरे उत्तर द्यावे, लपवू नये. हिंदू, मुस्लिम, आदिधर्म पाळणारे विद्यार्थीही आपल्याकडे येतात. त्यांनाही मार्गदर्शक मिळतो, आणि प्रार्थनेला बसण्याची सक्ती नसते.

दुसरी खबरदारी सुरक्षिततेची. मुलींसाठी शक्यतो स्त्री मार्गदर्शक, भेट दार उघडे ठेवून, रात्रीचे फोन नाहीत. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. विद्यार्थिनी आली की पहिल्याच दिवशी तिला समितीच्या सदस्यांची नावे आणि नंबर द्यावेत. "आपल्यात असे काही होत नाही" हे वाक्य एलीच्या मुलांच्या काळातही म्हटले जात असेल.

मध्येच सोडून जाणारेही असतात. मार्क पंफुल्यातून परत फिरला होता, म्हणून पौलाने त्याला पुढच्या फेरीत घ्यायला नकार दिला. बर्णबाने त्याला सोबत घेतले, त्यावरून दोघे वेगळेही झाले. वर्षांनंतर तुरुंगातून लिहिताना पौल त्याच मार्कला आणायला सांगतो, तो सेवेसाठी उपयोगी आहे म्हणून (२ तीमथ्य ४:११). दहाव्या दिवशी पिशवी भरून गेलेल्या मुलाला प्रमाणपत्र देऊ नये, पण फोन जरूर करावा.

मंडळीकडे मागणे

आम्हाला मार्गदर्शक हवे आहेत. एका विद्यार्थ्यासाठी आठवड्यातून एक तास, तीन महिने. नर्स, शिक्षक, वायरमन, तलाठी कार्यालयातले कारकून, शेतकरी, शिवणकाम करणारी ताई, कोणीही. व्याख्यान द्यायचे नाही. या आठवड्यात काय पाहिलेस, कुठे थांबावेसे वाटले आणि कुठून पळावेसे वाटले, एवढे विचारायचे आणि ऐकायचे. शेवटी, मुलाची इच्छा असेल तर, त्याच्या कामाचे नाव घेऊन प्रार्थना करायची. "प्रभू, याला आशीर्वाद दे" यावर न थांबता, "प्रभू, उद्या याला ज्या आठ घरी जायचे आहे" अशी. पाळकसाहेबांनी वर्षातून एक रविवार असा ठेवावा की त्या दिवशी कामाला लागणाऱ्या, इंटर्नशिपला निघालेल्या सर्व मुलांना पुढे बोलावून, बायबल स्कूलला जाणाऱ्याइतक्याच आदराने, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना होईल. दिवाळीच्या सुट्टीआधीचा रविवार सोयीचा पडतो, कारण मुले गावी येतात आणि ऊसतोडीला निघण्यापूर्वी आईबापही घरी असतात.

तरुण संघात किंवा घरसभेत बोलण्यासाठी :

निर्गम ३५:३४ वाचून, तुम्हाला तुमचे काम कोणी शिकवले त्या व्यक्तीचे नाव सांगा. ती व्यक्ती मंडळीतली होती का?

१ शमुवेल ३ मध्ये एलीने कोणती गोष्ट केली नाही, जी त्याच्या जागी आपण बहुधा केली असती?

आपल्या मंडळीत यंदा बारावी आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला किती मुले-मुली आहेत? त्यांची नावे एका कागदावर लिहा, आणि प्रत्येकापुढे एका काम करणाऱ्या विश्वासी माणसाचे नाव लिहिता येते का पाहा. ज्यांच्यापुढे जागा रिकामी राहील ती नावे आम्हाला कळवा.